परमा त्यांचा, वांझ मी

“हा आजार तुझा नाही बाई. तुझ्या नवऱ्यानं तुला दिलाय,” बीडच्या दवाखान्यात डाक्टरीणबाई म्हणाल्या.

गोनोरिया म्हणतात त्याला. आपल्याकडं परमा. परमा गड्यांना हुतो एवढंच मला ठावं व्हतं. बाईला झाला तर त्याला नावच न्हाई! बाईला म्हणं ‘उष्णता झाली’, ‘अंगावरून जातंय’. आन् लेकरू न्हाई झालं की वांझ. कसं सोयीचं हाय बघा! ज्या बाया दुखणं अंगावर काढून गप बसल्यात त्यांच्यासाठी सांगते. लाज वाटली तर वाटू द्या.

लग्नाला वरीस झालं असंल. मालक कापूस घेऊन सिरसाळ्याला गेलते, चार दिवस राहून आले. त्यानंतर मला लघवीला आग सुरू झाली. सासू म्हणाली, “उन्हाळी लागली, सब्जा पी.” प्याले. मग पिवळं जाऊ लागलं, ओटीपोटात ठणका, अंगात ताप. वाकून झाडता येईना.

मग वडवणीच्या बाजारी हकिमाकडं नेलं. आमच्यात बाईनं हकिमाम्होरं तोंड उघडायचं न्हाई, अशी रीत. मी गाडीत पडद्याआड बसायचं, नुसता हात भाईर काढायचा. हकिमानं नाडी धरायची आन् माझं दुखणं मालकांनी सांगायचं. दुखतंय मला, बोलतोय हा! पुड्या आल्या, काढे आले. वरसं गेली. ओटीभरणाला मला बोलावणं बंद झालं.

पंचमीला भाऊ न्यायला आला. माझी दशा बघून त्यानं गाडी माहेराकडं न नेता बीडकडं वळवली. म्हणला, “ताई, तिथं बाईच डाक्टर हाय. तुझं तू सांग.”

दवाखान्याच्या ओसरीवर बायाच बाया. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बाईंनी तपासलं, कापूस लावलेल्या काडीनं आतलं पाणी घेऊन काचेवर पसरलं, त्याला निळा रंग लावला. मग मायक्रोस्कोपातून बघितलं. मायक्रोस्कोप म्हंजी बारीक चीज मोठी दिसायची नळी. मला बी दाखवलं. उडदाच्या डाळीच्या जोड्या ठेवाव्यात तसे निळे ठिपके. त्येच माझ्या पोटात घर करून बसलते.

बाई म्हणाल्या, “बायकांना मूल का होत नाही, हे शोधायला मी अशा काचा जमवतेय. नवऱ्याची एकही मिळाली नाही. बोलावलं की फाटकातूनच परत जातात. तुझी ठेवू का?”

“ठेवा,” मी म्हणलं.

लाल औषधाच्या पाण्यानं रोज धुवायचं, पडून ऱ्हायचं, असे कितीक दिवस गेले. ताप गेला, ठणका थांबला. पण बाईंनी खोटं सांगितलं न्हाई. “गर्भाच्या नळ्या आतून चिकटल्या असाव्यात. मूल होईल असं मी म्हणणार नाही. आणि नवऱ्यानं औषध घेतलं नाही तर तुला पुन्हा हेच होईल.” मी तोंडात पदर कोंबून रडले.

मालक न्यायला आले. बाईंनी त्यांना तेच सांगितलं. तर हसले! “मला काय झालंय? धडधाकट हाय मी.”

गाडीत मी इचारलं तेव्हा म्हणले, “माझं हकिमानं कव्हाच बरं केलंय.”

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं?”

“गड्याला हुतं असलं. त्यात काय!”

यांना ठावं, हकिमाला ठावं. एक मीच येडी, पडद्याआडून हात भाईर काढून बसले! आग कमी झाली तरी रोग आत ऱ्हातो, हे बाईंनी सांगितलेलं यांनी ऐकूनच घेतलं न्हाई.

घरी आले तर मालकांसाठी युसूफ वडगाव गावची पोरगी ठरवून ठेवलेली. बाप न्हाई म्हणून लग्न लांबलेली, जाणती पोर. आमच्यात सवत आणायची तर थोरलीनं तिला पहिलं कुंकू लावायचं. म्हंजी थोरली राजी हाय, असं पंगतीला दिसतं. सुपारीला मायलेकी आल्या. सासूनं करंडा माझ्या हातात दिला.

मी तो खाली ठेवला. पोरीच्या आईला म्हणलं, “मावशी, यांना परमा हाय. यांनीच मला दिला. उद्या तुमच्या पोरीला देतील. आधी बीडला तपासून आणा, मग मी कुंकू लावते.”

मालक अंगावर धावून आले. भावकीतल्या गड्यांनी धरलं.

पोरीची आई उठली. “जाताव का बीडला?” तिनं त्यांनाच इचारलं. हे सगळ्यांवर वरडले, पण ‘जातो’ म्हणले न्हाईत. तिनं लेकीचा हात धरला आन् चालती झाली.

बायांनो, तुमचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडानं सांगू नका. आन् औषध एकटीनं घेऊ नका, नवऱ्याला फरफटत न्या. त्या डाक्टरीणबाईंचे उपकार माझ्यानं फिटायचे न्हाईत, खरं सांगून त्यांनी मला राग येऊ दिला, हे लई मोठं केलं.

माणसं पांगल्यावर मी माझं गाठोडं बांधत व्हते. सुपारीचं कळून आलेला भाऊ गाडी जुपत व्हता. सासू दारात येऊन उभी ऱ्हायली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी बी तयारीत व्हते.

“तुझं दुखायचं ते हितंच का गं?” तिनं आपल्या ओटीपोटावर हात ठेवला. “ह्यो पोरगा झाला, त्यानंतर मला बी असंच सुरू झालं. परत कूस उजवलीच न्हाई. तुझा सासरा म्हणायचा, बाळंतपणात वारं लागलं.”

तिनं मला काय काय म्हणलं व्हतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. तिच्याकडं बघितलं तर ती माझ्या उत्तराची वाट बघत व्हती.

“हितंच,” मी म्हणलं. “चला आत्याबाई बीडला, गाडीत जागा हाय.”