लांब राहण्याचा आठवडा

सोजरबाई मंडईत विड्याची पानं विकायच्या. घर हडपसरच्या गावठाणात. सकाळी लवकरची बस धरून यायच्या आणि दुपार कलली की परत. बोलताना समोरच्याचा हात धरायची त्यांना सवय होती. गिऱ्हाईक असो, कंडक्टर असो की सून शकू, हात हातात घेतल्याशिवाय बाईंचं बोलणं पुरं होत नसे. नवरा अकाली गेला. संपत आणि मैना या दोन पोरांना त्यांनी त्या पानांवरच मोठं केलं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या गळ्याला गाठ आली आणि तपासणीत तो कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून थायरॉइड काढून टाकलं. मग डॉक्टर म्हणाले, "आत काही उरलंसुरलं असेल ते जाळायला एक औषध द्यायचंय. आयोडीनच आहे, पण किरणोत्सर्गी. घेतल्यावर काही दिवस तुमच्या अंगातून किरणं बाहेर पडत राहतील. तुमच्यासाठी ते औषध, पण दुसऱ्यांना ती किरणं नकोत. म्हणून वेगळ्या खोलीत राहायचं."

"म्हंजी मी शेगडीच झाले की," सोजरबाई म्हणाल्या.

खोलीच्या भिंती जाडजूड होत्या. जेवण दाराशी ठेवून नर्स लगेच मागे सरायची. रोज सकाळी रुग्णालयाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी सुहासिनीबाई यायच्या आणि जमिनीवर आखलेल्या पट्टीपाशी उभ्या राहून हातातला मीटर बाईंकडे रोखायच्या. मीटर कडकड वाजायचा.

"भरपूर पाणी प्या. औषध लघवीवाटे जातं. प्यायलात तर लवकर घरी जाल, नाही तर आमचा पाहुणचार आहेच," त्या कोरडेपणाने म्हणायच्या.

मीटरचा आवाज विरळ झाला आणि बाईंना घरी सोडलं. निघताना सुहासिनीबाईंनी मायलेकांना बजावलं. आठवडाभर वेगळं झोपायचं, ताट-पेला वेगळा ठेवायचा, लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही आणि पोटुशी बाई असेल तर तिच्या जवळ मुळीच जायचं नाही.

संपतने आईला रिक्षात एकटीला मागे बसवलं आणि स्वतः मोटरसायकलवरून मागोमाग आला. शकू तान्ह्या लेकीला घेऊन फुरसुंगीला माहेरी गेली होती. संपत जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवायचा. बाई मागच्या खोलीत बसून भिंतीशी बोलायच्या. दोन दिवसांत त्या कंटाळून गेल्या, पण नियम मोडला नाही.

मोडला तो मैनेने.

मैना सासवडला दिलेली होती. संपतने तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आठ दिवस आईला भेटायला येऊ नको." का, ते त्याला फोनवर नीट सांगता येईना. मैनेच्या मनाने घेतलं की आईचं काही खरं नाही आणि भाऊ आपल्यापासून लपवतोय. चौथ्या दिवशी ती न कळवताच हडपसरला आली. संपत कामावर गेलेला. सोजरबाई गाढ झोपल्या होत्या. आईच्या गळ्यावरचा टाका पाहून मैनेला रडू फुटलं. ती आईला बिलगली आणि रडता रडता तिथेच झोपली.

दुपारी बाईंना जाग आली तर पाठीशी लेक.

"लांब हो! आधी लांब हो!" बाईंनी तिला दोन्ही हातांनी ढकललं.

मैना भिंतीशी जाऊन उभी राहिली. जन्मात आईने तिला असं लोटलं नव्हतं. "आई, मी काय केलं गं?"

"तू न्हाई, मीच... माझ्या अंगात त्ये औषध हाय. डॉक्टरीन म्हनली, पोरंबाळं जवळ घ्यायची न्हाईत, पोटुशी बाई तर..."

मैनेचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपसूक पोटावर गेला.

"मैने? व्हय गं?"

"तिसरा चाललाय. तीन महिने भरल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही म्हणाल्या सासूबाई."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. बाईंनी त्या पोरासाठी किती देवांना नारळ बोलले होते, ते त्यांनाच ठाऊक. आणि आज आपल्याच अंगातून... त्यांना पुढचा विचार करवेना. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्या तोंडात पदर कोंबून रडल्या. रडायचंही लांबूनच.

दोन रिक्षा करून मायलेकी रुग्णालयात गेल्या. सुहासिनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. आधी मैनेला दुसऱ्या खोलीत नेऊन तिच्या गळ्याशी, हातांशी, साडीशी मीटर धरला. मीटर मधूनच एकदा टक करायचा.

"हा एवढा आवाज तर रिकाम्या खोलीतही येतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे औषध तुमच्या अंगाला लागलेलं नाही. आईच्या पेल्यातून पाणी प्यायलात का?"

"नाही. आल्याआल्या रडतच बसले."

"बरं झालं. कधी नव्हे ते रडणं उपयोगी पडलं."

मग त्यांनी सोजरबाईंचं मोजमाप घेतलं आणि किती वेळ, किती जवळ, कुठल्या कुशीवर, असं सगळं विचारून कागदावर हिशेब मांडला. मायलेकी व्हरांड्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. कागद घेऊन त्या बाहेर आल्या आणि दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "औषध बहुतेक निघून गेलंय. मैनाताई, जमिनीतून, आभाळातून आपल्या सगळ्यांना वर्षभर थोडी थोडी किरणं मिळतच असतात. त्याच्या मानाने आज तुम्हाला मिळाली ती फारच कमी. बाळाला यातून अपाय होईल असं मला वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांना मी लिहून देते."

"पन तुम्हीच म्हनला हुता, मुळीच जवळ जायचं न्हाई," सोजरबाई म्हणाल्या.

"म्हणाले होते, आणि अजूनही म्हणते. रस्त्याचा कठडा दरीच्या अलीकडेच बांधतात, सोजरबाई. कठड्याला धडकलं म्हणजे दरीत पडलं असं नाही. पण म्हणून रोज धडकायचं नसतं."

सोजरबाईंनी डोळे मिटले. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं. पलीकडून मैनेचा आवाज आला, "आई, मला भूक लागली." गेला महिनाभर तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. त्या दुपारी रुग्णालयासमोरच्या हॉटेलात तिने कांदाभज्यांच्या दोन प्लेटी संपवल्या. सोजरबाई रस्त्याच्या अलीकडे झाडाखाली उभ्या राहून ते बघत होत्या आणि तिथूनच ओरडत होत्या, "चटणी नको खाऊ गं जास्त!"

मार्गशीर्षात मैनेला मुलगी झाली, धडधाकट आणि भारी रडवी. त्याआधीच्या तपासणीत सोजरबाईंचा गळाही साफ निघाला होता. बाळंतपणासाठी मैना हडपसरला होती, म्हणून मंडईतली पानांची जागा दोन महिने बंद राहिली. गिऱ्हाइकं शेजारच्या फुलवालीला विचारायची, "आजारी आहेत का हो पानवाल्या बाई?"

"कसल्या आजारी," ती सांगायची. "घुटी उगाळतायत."