बुधवारचं पाणी

दसरा झाला की गावातले पुरुष नदीला दगडमातीचा बांध घालायचे आणि अडवलेलं पाणी पाटाने उन्हाळी भाताला द्यायचे. प्रत्येक घराला एक वार ठरलेला. शेजारच्या काकांचा शनिवार, आमचा बुधवार. त्या दिवशी पाटाला दुसऱ्या कुणी हात लावला तर आई फावडं घेऊनच निघायची.

बांधाखाली मात्र नदी नावापुरती उरायची. देवळाखालच्या कोंडीत, म्हणजे तिथल्या डोहात, तेवढं पाणी टिकायचं. तिथले मासे देवाचे, त्यांना कुणी धरत नसे. आई तिथे तांदूळ धुवायला बसली की मासे थेट तिच्या हाताखाली यायचे. माझ्या पोरांपेक्षा हे शहाणे, असं ती आमच्या तोंडावर म्हणायची.

एका वर्षी पाऊस लवकर आटोपला. शिमग्याआधीच कोंडीत गुडघाभर पाणी राहिलं, तेही हिरवं आणि कोमट. खालून खाडीचं खारं पाणी एरवीपेक्षा पुढे सरकलं होतं. मासे ना वर जाऊ शकत होते, ना खाली. सकाळी वर येऊन तोंडं उघडमीट करायचे. मग काही उलटे तरंगताना दिसले. त्या दिवशी आई तांदूळ न धुताच परत आली.

गाव देवळात जमलं. गाऱ्हाणं घालण्यात वडील पटाईत. देवाने कोंडीत पाणी द्यावं म्हणून त्यांनी असं काही साकडं घातलं की ‘व्हय म्हाराजा’ म्हणता म्हणता सगळ्यांचे घसे बसले. नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि मंडळी घरी गेली. बांध होता तिथेच होता.

आईने वडिलांना पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाली, "देवाक कित्याक कामाक लावतास? पाणी तुमीच अडवून ठेवलास. आमच्या बुधवारचा पाणी नदीत सोडा."

"भाताचो दाणो अजून दुधात आसा, भरूक नाय. पावसात पोरां काय खातली?"

"नाचणी खातली."

वडील रागाने जेवले नाहीत. पण बुधवारी त्यांनीच पाटाचं तोंड बुजवून बांध एका अंगाने उघडला. काका बघायला आले होते. हसून म्हणाले, "आता वैनी माशांक भात पण वाढतली!" पाऊस येईपर्यंत दर बुधवारी आमचं पाणी कोंडीत गेलं. मासे तगले. आमच्या निम्म्या लोंब्या पोचट निघाल्या.

पावसाळ्यात आम्ही भावंडांनी कुरकुरत नाचणी खाल्ली. नदी भरली तसे कोंडीतले मासे अंडी घालायला वर शेतांत चढले. कोंडीबाहेर गेलेला मासा देवाचा राहत नाही, चुलीचा होतो. त्या पावसात गावातली एकही चूल माशांवाचून राहिली नाही. आईचे आणि त्या नदीचे उपकार मी जन्मभर विसरले नाही.

एका संध्याकाळी काका भिजत आले. एका हातात माशांची टोपली, दुसऱ्या हातात गाठोडं. दोन्ही त्यांनी आईपुढे ठेवलं.

"वैनी, मासे तुझ्या बुधवारचे," ते म्हणाले. "तांदूळ माझ्या शनवारचे."

आईने चुलीवर मोठा टोप चढवला.

"बस रे," ती म्हणाली. "जेवून जा."