येऊन राहिलो म्हणजे निघालोच नाही

आमच्याकडे कोणी फोनवर ‘येऊन राहिलो’ म्हणालं, की तो माणूस अजून अंघोळीला बसलाय असं समजायचं. ‘निघून राहिलो’ म्हणजे चप्पल सापडत नाहीये. ‘पोहोचूनच राहिलो’ म्हणाला, तर निदान घराबाहेर पडला असावा. मी माहेरची करडीची, सासर लाखनीजवळचं. ही भाषा माझ्या हाडीमासी खिळलेली. तरी दर वेळी फसते आणि दर वेळी ओट्यावर येरझाऱ्या घालते. बसून वाट पाहणं मला जमत नाही. सासूबाई म्हणतात, माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल.

त्या दिवशी तर भिंगरीला तेल घातल्यासारखं झालं होतं. शहापूरकडच्या एका इंग्रजी शाळेनं मला एक तास शिकवून दाखवायला बोलावलं होतं. तास आवडला तर नोकरी. मी इतकी वर्षं घरच्या ओसरीत मुलांना इंग्रजी शिकवते. कुकरची शिट्टी झाली की वाक्य अर्धं सोडून आत पळायचं, अशी ती शिकवणी. मला ही नोकरी हवी होती. पगार हवाच होता, पण त्याहून जास्त हवं होतं ते असं एक दार, जे मी आत गेल्यावर बंद होईल आणि तासभर मला कोणी ‘सूनबाई’ म्हणून हाक मारणार नाही.

विषय त्यांनीच दिला होता. शेवटी ‘इंग’ लागलेली क्रियापदं आणि त्यांच्या सोबतीला येणारी क्रियाविशेषणं. ‘शी इज स्लोली वॉकिंग’ म्हणायचं की ‘शी इज वॉकिंग स्लोली’, कुठला शब्द कुठे बसवायचा आणि बसवल्यावर काय बदलतं, असलं सगळं.

आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या धानाच्या बांधीत रोवणी, म्हणजे भातलावणी, निघाली.

रोवणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून आमच्या आळीतल्या बायांचा एक नेम आहे. आज सगळ्या हिच्या बांधीत, उद्या सगळ्या तिच्या. मी बहुतेकींकडे जाऊन आले होते, कमरेचे टाके ढिले झाले होते. आता माझी पाळी आली, धानाची रोपं, आमचे पऱ्हे, उपटून तयार, चिखल तयार, आणि घरची सूनच नाही. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे त्यांना उतरवायचा प्रश्नच नव्हता.

शेजारच्या काकूंना मी आदल्या संध्याकाळी भीत भीत सांगितलं. आळीतल्या रोवणीचा कारभार त्यांच्याकडे असतो, कोणाची बांधी कधी ते त्या ठरवतात. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं.

“आमी तुया बांधीत वाकाचं अन् तू पावडर लावून शाळेत जाचं?”

“परीक्षा आहे काकू माझी. एकच दिवस.”

“जा मंग,” त्या म्हणाल्या. येऊ म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. मला रात्रभर तेच खात होतं.

सकाळी नवरा मला गाडीवरून हायवेपर्यंत सोडणार होता. फोन केला.

“कुठी आहे तुम्ही?”

“येऊन राहिलो ना.”

मी पर्स उचलली आणि चालायला लागले. ट्रकांचा धुरळा खात, साडीचा काठ वर धरून, तोंडातल्या तोंडात धडा घोकत. इंग्रजीत एक गंमत आहे. ‘इज’ आणि ‘कमिंग’ यांच्या मधे ‘ऑलवेज’ बसवलं, की ते नुसतं वाक्य राहत नाही, तक्रार होते. ‘ही इज ऑलवेज फर्गेटिंग.’ ‘ही इज ऑलवेज कमिंग लेट.’ माझ्याजवळ उदाहरणं भरपूर होती आणि सगळी एकाच माणसाची.

वर्ग सहावीचा होता. मागच्या बाकावर प्राचार्य बसले होते, हाताची घडी घालून. पुस्तकात एक बाई शेकोटीपाशी शांतपणे लोकर विणत होती. ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि वर्ग मख्ख. मलाच वैताग आला. मी वाक्य पुसून टाकलं.

“तुमची आई आत्ता या मिनिटाला काय करतेय?” मी विचारलं. “कशी करतेय, तेही सांगा. इंग्रजीत.”

एक मुलगी उठली. “माय मदर इज गोइंग बॅक. स्लोली. अँड प्लांटिंग.”

मुलं हसली. एक म्हणाला, “टीचर, मागं कायले जाईल आई?” पण निम्म्या वर्गाला कळलं होतं. रोवणी मागे सरकत सरकतच करतात. पुढे सरकलं तर आपणच लावलेलं आपल्या पायाखाली येतं. मग सगळ्यांच्या आया फळ्यावर आल्या. एक हळूहळू मागे सरकत होती, एक मोठमोठ्यानं गात होती, एक सारखी पोराला शिव्या देत होती. ‘सारखी’ कुठे बसवायचं, यावरून वर्गात भांडण जुंपलं. मीही त्यात होते. घंटा झाली तेव्हा माझा घसा बसला होता. इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

प्राचार्य बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “वी आर सिरियसली कन्सिडरिंग यू.”

झालं! इंग्रजीत हे चांगलं वाक्य आहे, मला ठाऊक आहे. पण मी बसमध्ये बसले आणि माझ्या डोक्यात त्याचं आमच्याकडचं मराठी झालं. ‘विचार करून राहिलो.’ आणि आमच्याकडे जो विचार करून राहिला, त्यानं विचाराला हातही लावलेला नसतो. ‘सिरियसली’ लावलं म्हणून काय झालं? नवराही म्हणतो, खरंच येऊन राहिलो. मी खिडकीशी, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीशी. कंडक्टर म्हणाला, “बाई, बसा ना एका जागी.” मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

लाखनीला उतरून मी घरी गेलेच नाही, तडक बांधीकडे गेले. बाया आल्या होत्या. नुसत्या आल्या नव्हत्या, काम उरकून बांधावर चहा पीत बसल्या होत्या. बांधी हिरवीगार झाली होती. फक्त मधोमध एक पट्टा तसाच होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं गढूळ पाणी. एका बाईनं लावायची एक पात.

“ही काहून राहिली?” मी विचारलं.

“तुयी हाय,” काकू म्हणाल्या. “आमी आमच्या लावल्या. लागली का नोकरी?”

“विचार करून राहिले म्हणतात.”

“म्हंजे नाही लागली,” सगळ्या एकदम म्हणाल्या, आणि कोणीतरी माझ्यासाठी कपात चहा ओतला. मी कप तसाच बांधावर ठेवला, फोन काकूंच्या हातात दिला, कासोटा मारला आणि नेसत्या चांगल्या साडीनिशी बांधीत उतरले.

अर्ध्यावर आले असेन तेव्हा फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत चिखलात. काकू चिखल तुडवत माझ्यापाशी आल्या आणि फोन माझ्या कानाला लावून उभ्या राहिल्या. शाळेतले क्लार्क होते. मॅडम, सोमवारपासून या, कागदपत्रं घेऊन या. मी फक्त हो, हो म्हटलं. काकूंनी सगळं ऐकलंच होतं.

“सोमवारी माह्या बांधीत रोवणी हाय,” त्या म्हणाल्या.

बांधावरच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मुठीत पऱ्हे धरून तशीच वाकलेली. वर पाहायचा धीर होईना, कारण नाही म्हणायचं नव्हतं मला, दोघांपैकी कोणालाच.

काकूंनी फोन पदराला पुसला.

“पात ठेवीन तुयी,” त्या म्हणाल्या. “शाळा सुटली का येजो. अन् येऊन राहिली म्हनू नको, येजो.”