व्यसन नाही

आमच्या कॅज्युअल्टीत एक नियम आहे आणि तो मीच लावलेला आहे. छातीत धडधडतंय किंवा कुणीतरी मागावर आहे असं सांगत तरुण पेशंट आला, की आधी नातेवाइकांना पडद्याबाहेर काढायचं आणि मग विचारायचं, काय घेतलंस? आई उशाशी उभी असली की कुणी खरं बोलत नाही. नव्या डॉक्टर मुलांना हे मी इतक्या वेळा ऐकवलंय, की माझी पाठ वळली की ती माझी नक्कल करतात.

माझा धाकटा भाऊ आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आईने त्याला नंदनवनातल्या घरून ऑटोत घालून आणलं होतं. शर्ट घामाने चिंब, नाडी धावत होती, आणि माझा हात घट्ट धरून तो सांगत होता, "ताई, ते लोक बोर्डातून पाहून राहिले. स्विचच्या मागं कॅमेरा आहे." त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या मला दिसल्या. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी तिथेच ओळखलं असतं. मी म्हणाले, घाबरलाय.

ड्यूटीवरची ज्युनिअर डॉक्टर चाचरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आणि काकू जरा बाहेर थांबता का?"

"मी नातेवाईक नाही, डॉक्टर आहे," मी तिच्यावर डाफरले.

लघवीची तपासणी करू का, असंही तिने विचारलं. "अगं, हा सुपारीसुद्धा खात नाही!" म्हणत मी तिच्या हातातून केसपेपर घेतला आणि माझ्याच अक्षरात लिहिलं, व्यसन नाही. आई शेजारीच उभी होती. पदराने ती त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती.

पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर चाललं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मानसिक आजाराचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. भावासाठी मी जिवाचं रान केलं. काटोलच्या काकांनी त्याला कुण्या महाराजाकडे न्यायचं काढलं, तेव्हा चारचौघांत त्यांना झापलं, की हा आजार आहे, बाधा नाही. रोज सकाळी फोन करायचे, गोळी घेतली का? "घेतली ना ताई." डोस दोनदा वाढवूनही फरक पडेना, तेव्हा मी त्या डॉक्टरांनाच नावं ठेवायला लागले.

चार महिन्यांनी त्याला पुन्हा तसंच आणलं. मी वरच्या मजल्यावर होते. खाली येईपर्यंत त्याच ज्युनिअरने आपलं काम उरकलं होतं. तिने रिपोर्ट माझ्यापुढे धरला. कोकेन.

माझा विश्वासच बसेना. लग्नांमध्ये साउंड लावणारा माझा भाऊ, त्याला कुठून मिळणार कोकेन? मागाहून कळलं, शहराबाहेरच्या रिसॉर्टांवर नवरदेवाच्या मित्रांनी आधी हौसेने ओढायला दिलं होतं, पुढे सवयच लागली. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं.

बाहेर बाकावर आई बसली होती. तिला कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत मी तिच्याजवळ गेले. माझा चेहरा पाहून तीच म्हणाली, "मले माहीत होतं वं. त्यानंच सांगतलं होतं. ताईले सांगू नको म्हणे."

"अन् तू मले तसं लिहू देल्लं? काहून?"

"नशा करणाऱ्या लोकाच्या पोराइले तू कशी बोलतं, मले माहीत नाही का? त्याले दारात उभं केलं नसतं तू."

मला रडू आलं नाही, संताप आला. रोज सकाळी मी फोनवर गोळीची चौकशी करायचे तेव्हा ही बाई त्याच्या शेजारी बसून ऐकत असायची. दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं होतं, तेही माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच सहीने.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आता पावडर आणि आजार, दोन्हींवर उपचार करावे लागतील. आजार आधीचा की पावडरीने आलेला, हे पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर ठरवायला सोपं गेलं असतं. जुना केसपेपर त्यांच्यासमोरच होता. बोलता बोलता त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

संध्याकाळी भाऊ जरा भानावर आल्यावर मी त्याच्याकडे गेले, भांडायलाच गेले. मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "त्या छोट्या मॅडमले पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तू हाललीच नाही तिथून."

आता त्याचे उपचार नीट चालू आहेत. माझ्याशी तो हवापाण्याचं बोलतो. मी त्याला माफ केलेलं नाही, तसं तोंडावर सांगितलंय. त्याने मात्र मला माफ केलंय, असं आई म्हणते. आईच्या शब्दावर आता माझा विश्वास बसत नाही, आणि त्याला स्वतःला विचारायची माझी हिंमत होत नाही.