सुंदराबाईंच्या पोटात दुखत होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. ज्या बायकांसोबत चार वर्षं दर शनिवारी दुपारी बसले, त्यांच्यातल्या एकीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. पण आधी माझा राग ऐका. तो खोटा नव्हता, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं.

दोन हजार चारच्या सुमारास नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही चेन्नईला आलो. त्याच्या वर्षभर आधी नाशिकला माझी गर्भपिशवी काढली होती. टाके सुकले, जखम भरली – आणि मग दुखायला लागलं. कुणीतरी आतडं चिमटीत धरून पिळतंय, असं. जेवले की दुखे, वाकले की दुखे, बस खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढे अंधारी. सोनोग्राफी नॉर्मल. सीटी स्कॅन नॉर्मल. रक्त नॉर्मल. एका डॉक्टरने माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" पोट माझं, आणि प्रश्न नवऱ्याला! दुसऱ्याने सांगितलं, मन रमवा, काहीतरी छंद लावून घ्या. मी काय तेरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून, घर सांभाळून रिकामी बसले होते? आणि नवरा – तो वाईट माणूस नाही – पण तोही हळूहळू रिपोर्टकडे बघून माझ्याकडे बघायला लागला. कागद खरा, बायको संशयित.

सुंदराबाई मला भेटल्या त्या अशाच एका दवाखान्यातल्या बाकावर. मी फोनवर बहिणीशी बोलत होते, रडत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मराठी?" त्यांची मराठी तंजावरची, जुन्या पोथीतल्यासारखी, वर तमिळ हेल. चेन्नईच्या टोकाला, तांबरमला, घरी ब्लाउज शिवायच्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन मदुरैला. त्यांची पोटाची दोन ऑपरेशनं झालेली. माझं सगळं ऐकून त्या इतकंच म्हणाल्या, "आतडीं आतडींस चिकटतात. फोटोंत दिसत नाही. मज ठावें आहे."

दीड वर्षात हे मला एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. एका शिंपीणबाईंनी सांगितलं, बाकावर बसून.

मग आणखी तिघी मिळाल्या. तांबरमला सुंदराबाईंच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवून आम्ही बसायचो. काय करायचो? फार काही नाही. गरम पाण्याची पिशवी एकीकडून दुसरीकडे जायची. कशाने दुखलं, कशाने थांबलं, ते एका वहीत लिहायचो. थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, मुळा-कोबी बंद, तांदळाची पातळ कण्हेरी चालते. एक पान वेगळं होतं: पोट टम्म फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, कळा येऊन-जाऊन यायला लागल्या, तर वाट बघायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल. ते पान माझ्या अक्षरात आहे.

आणि एक नियम होता. तो सुंदराबाईंचा. डॉक्टरकडे कुणी एकटीने जायचं नाही. दुसरीने सोबत जायचं आणि एकच वाक्य बोलायचं – ही खोटं बोलत नाही. दोन वेळा माझ्यासाठी त्या आल्या. तमिळमध्ये काय काय बोलल्या मला कळलं नाही, पण टेबलावर हात आपटलेला कळला.

त्यातूनच मला एक सर्जन मिळाले. मोठं नाव, मोठं हॉस्पिटल. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, बरोबरीने. म्हणाले, तुमच्यावर माझा विश्वास आहे, दुर्बीण घालून बघू, चिकटलेलं सोडवू. तारीख दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'विश्वास' म्हणालं होतं. तुम्हाला कल्पना आहे, त्या एका शब्दासाठी माणूस काय काय करायला तयार होतं?

माझ्या तारखेच्या दहा दिवस आधी सुंदराबाईंचा सकाळी फोन आला. रात्रीपासून उलट्या. मी रिक्षा केली, त्यांना घेतलं आणि त्याच सर्जनकडे नेलं. मीच नेलं, माझी ओळख होती म्हणून. त्यांचं पोट फुगलेलं होतं. वारा सरत नव्हता. कळा येऊन-जाऊन येत होत्या. त्या पानावरच्या चारही गोष्टी – आणि मी त्या रिक्षात मनातल्या मनात मोजल्या होत्या.

सर्जन घाईत होते. जेमतेम पोट दाबलं, तमिळमध्ये दोन प्रश्न विचारले. सुंदराबाई ओरडूनच बोलत होत्या, रडत होत्या, त्यांचा हात धरत होत्या. सर्जनच्या कपाळावर आठी आली. मी ती आठी बघितली. मग ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात. मला सांगा, ह्या नेहमीच असं करतात का?"

इथे मला ते एकच वाक्य बोलायचं होतं. एकच.

मी म्हणाले, "मुलगी लांब गेल्यापासून त्या जरा घाबऱ्या झाल्या आहेत. थोडं वाढवून सांगतात."

हसलेसुद्धा असेन. हो, हसले. त्यांनी मान डोलावली, नसा शांत करायच्या गोळ्या आणि उलटीचं औषध लिहून दिलं, आणि दारापर्यंत येऊन मला म्हणाले, तुमची तारीख ठरल्याप्रमाणे. माझ्या मनात काय होतं, ते सांगते. ह्या बाईने असाच आरडाओरडा केला, तर ते मलाही हिच्यासारखीच समजतील. माझी तारीख जाईल. बस्, एवढंच होतं.

सुंदराबाईंना इंग्रजी येत नव्हतं. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीने त्यांना सरकारी हॉस्पिटलात नेलं. आतडं पिळलं होतं, काळं पडलं होतं. दीड-दोन फूट कापून काढावं लागलं. तिथली तरुण डॉक्टरीण संतापून विचारत होती, हिला काल घरी कुणी पाठवलं? मी तिथे उभी होते. बाहेर येऊन मात्र मी त्या सर्जनला शिव्या घातल्या, सगळ्या बायकांसमोर. बायकांचं दुखणं ह्यांना खोटंच वाटतं, असं मी म्हणाले. माझा आवाज कापत होता. सगळ्यांना वाटलं, रागाने.

त्या वाचल्या. पण तासन्‌तास वाकून बसणं संपलं. मशीन विकलं, ब्लाउज संपले, पुढे मुलीकडे मदुरैला जाऊन राहिल्या. जाईपर्यंत शनिवारी नवी कुणी आली की तिला माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "ह्या बाई मजसाठी डॉक्टराशीं भांडल्या. इंग्रजींत भांडल्या." नवी बाई माझ्याकडे बघायची. मी खाली बघायचे. लोकांना वाटायचं, काय ही नम्रता!

माझं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्याच सर्जनच्या हातून. हो, शिव्या घालूनही गेले. दुखणं बरंच कमी झालं.

त्यानंतर मी कितीदा तरी बोलले आहे – बायकांच्या कार्यक्रमांत, एकदा एका मासिकातही. डॉक्टर कसे ऐकत नाहीत, यावर. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि त्या माणसांवरचा माझा राग आजही तसाच आहे. पण त्या सकाळी त्या माणसाने विचारलं तरी होतं. मला विचारलं होतं. सुंदराबाई खरं बोलत होत्या, हे त्या खोलीत त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं, आणि मी म्हणाले, वाढवून सांगतात.