उलटी पाटी

इंग्लंडातल्या टीम नदीच्या खोऱ्यात मर्विन प्रीसने कशाला नावं ठेवली नाहीत असा दिवस कुणी पाहिला नव्हता. बिअर पाणचट, पाव शिळा, पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलचक! बोलायचा तेही हक्काने. सगळा जन्म हॉपच्या भट्टीवर गेलेला. बिअरला कडवटपणा देणारी ती फुलं पुरती सुकली की नाही, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. त्याचं नाक म्हणजे गावाचं कोर्ट.

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, मटण म्हणजे ओला पुठ्ठा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत येईल, किंवा नाहीही येणार." आता हे काय उत्तर झालं? मर्विनने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. नाकावर जगलेल्या माणसाने सांगावं तरी कोणत्या तोंडाने? पुढ्यात येईल त्याला तो "छान आहे" म्हणू लागला.

उन्हाळ्यात मधूनच कॉफीचा वास आल्यासारखं व्हायचं, पण खरं की भास, त्याचं त्यालाच कळेना. मग त्याने मनाशी ठरवलं, हिरव्या हॉपची एल येऊ दे. सप्टेंबरात वेलीवरून तोडलेली फुलं न सुकवता तशीच ताजी ताजी त्या बिअरमध्ये पडतात, म्हणून ती वर्षातून एकदाच येते आणि बघता बघता संपते. तरुणपणापासून त्याचा तिच्यावर जीव. तिचाही वास आला नाही, तर मग विषयच संपला.

ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारी तो 'प्लाऊ' पबमध्ये शिरला. काउंटरवरच्या प्रत्येक पंपाला आतल्या बिअरच्या नावाची पाटी असते. पिंप संपलं की पाटी उलटी फिरवायची. मालकाने बोलायचं नाही, गिऱ्हाइकाने विचारायचं नाही, अशी तिथली रीत. आज हिरव्या हॉपची पाटी उलटी होती.

संपली! मर्विनला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं हायसं. स्वतःचीच लाज वाटली, तरी हायसंच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षभर आशा धरायला मोकळीक मिळाली.

"नेहमीची दे, ग्लेनिस," तो मालकिणीला म्हणाला. घोट घेतला. "छान आहे."

"ऐका!" शेजारी बसलेला क्लाइव्ह खिदळला. "पुन्हा छान! अरे, साधूबिधू झालास की काय?"

ग्लेनिस हसली नाही. तिने हात लांबवला आणि पाटी सरळ केली.

"संपली ना ती?" मर्विन दचकला.

"कोण म्हणतं? मीच उलटी करून ठेवली. ते शहरातले सायकलवाले आले की एका दुपारीत पिंप कोरडं करतात. तुझ्यासाठी राखली होती रे."

"राहू दे. आता ही घेतलीय ना मी."

"राहू दे?" क्लाइव्हचा आ वासला. "हिरव्या हॉपला? मर्विन प्रीस नको म्हणतोय?"

ग्लेनिसने ग्लास भरून पुढे सरकवला. आता सुटका नव्हती. मर्विनने तो नाकाशी नेला. काही नाही. त्याने डोळे मिटले, लांब श्वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. आणि हळूहळू, लांबून कुणी हाक मारावी तसं, कापलेलं गवत आलं. मागून संत्र्याची साल. आणि त्याच्याही मागून... हे काय?

"कांदा!" त्याने ग्लास दाणकन आपटला. "कांद्याचा वास मारतोय! फुलं वेलीवर नको तितकी पिकू दिली लेकांनी. अक्कल काय गहाण ठेवली होती?"

"मला तर काही कळत नाही," क्लाइव्ह हुंगत म्हणाला.

"तुला कधी कळलंय?"

ग्लेनिस हसत होती आणि काउंटर पुसायच्या फडक्याने डोळे टिपत होती. "आलास का रे परत?"

मर्विन तिच्याकडे बघतच राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"इस्टरला तू माझं पुडिंग छान म्हणालास, म्हाताऱ्या. त्याच दिवशी तुझ्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, माझंही छान म्हणतोय, आणि रडली."

मर्विनने उरलेली एल एका दमात संपवली, रिकाम्या ग्लासाचाही वास घेतला.

"अगदी भिकार आहे," तो म्हणाला. "आणखी एक भर."