भिंतीचं पोट

रंगारी माझा मेहुणा. चाळीस वर्षं आमची वाटणी ठरलेली होती. मी भिंतीला गिलावा करायचा आणि त्याने त्याला नावं ठेवायची.

रंग लावण्याआधी तो भिंतीवर दोन्ही तळवे फिरवायचा, डॉक्टर पोट चाचपतात तसे. मग म्हणायचा, "गवंडी, पेशंट काही बरा नाही." एवढं बोलून पुट्टी भरायला घ्यायचा. भरायची, वाळवायची, घासायची, पुन्हा भरायची. त्यात दिवस जायचा आणि ठेकेदार डोक्याला हात लावून बसायचा. पण एक मान्य केलं पाहिजे. वाईट भिंतीवर त्याने कधी रंग चढवला नाही. एकदा मी त्याला घरी जेवायला नेलं. पानावर बसायच्या आधी तो आमच्या स्वयंपाकघराची भिंत चाचपू लागला. माझी थोरली बहीण म्हणाली, "जेवणार आहात की भिंत खाणार आहात?" वर्षभरात त्यांचं लग्न झालं. भिंतीला त्याने आजवर नावं ठेवलीत, ताईला ठेवायची त्याची छाती नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रंगारी म्हणाला, "डोळे रिटायर झाले. मी नाही." आणि घरी येऊन खुर्चीत बसला तो बसलाच.

बसून राहिला असता तरी चाललं असतं. पण त्याचे हात शिवशिवत. ताई बाजारात गेली की तो घरातल्या भेगा शोधायचा. एकदा त्याला न्हाणीघराबाहेर भेग सापडली. पुट्टी नव्हती. ताईने मळून ठेवलेली कणीक होती. त्याने सगळी भेग कणकेने भरून घासून गुळगुळीत केली. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या.

"वरपासून खालपर्यंत रांग लागलीय मुंग्यांची!" ताई ओरडली.

"रांग सरळ आहे का?" रंगाऱ्याने विचारलं.

"सरळ आहे."

"मग काम बरोबर झालंय."

त्यानंतर ताईने त्याला एकटं सोडणं बंद केलं. तिचं स्वतःचं काम सुटलं. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होती, खिडकीजवळच्या मशीनवर. मालकाने दोन वर्षं ते मशीन दुसऱ्या कोणाला कायमचं दिलं नाही. आता त्याने निरोप पाठवला, सोमवारपासून या, नाहीतर दुसरी बाई ठेवतो.

ताई माझ्याकडे आली. "धाकट्या, मला मशीनवर जायचंय. दिवसभर या माणसाचं आणि माझं एका खोलीत जमत नाही. तिकडे ते केंद्र आहे ना, ज्यांना दिसत नाही, चालता येत नाही, असे सगळे मिळून दिवसभर काम करतात. तिथे घेऊन जा त्याला. टिकला तर मी सुटले."

"आणि नाही टिकला तर?"

"तर तुझ्याकडे आणून ठेवते."

मी शुक्रवारी सकाळीच त्याला घेऊन निघालो.

वाटेत तो एकच वाक्य बोलला. "मी आंधळ्यांच्यात जाऊन काय करू?" काही जणांना आपण कोण आहोत हे घरच्यांनी सांगून चालत नाही.

केंद्राच्या दारात मी थबकलो. ही इमारत मला माहीत होती. बावीस वर्षांपूर्वी हे गोदाम होतं आणि आतली लांब भिंत माझ्या हातची होती. गोदामाला रंग नको होता, म्हणून रंगारी त्या कामावर नव्हता. शेवटच्या दिवशी ठेकेदाराला संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. संडासांजवळ गिलाव्याला पोट आलं होतं, म्हणजे फुगवटा, सहा फूट लांब, दोन बोटं जाड. खरवडून पुन्हा करायला तीन तास लागले असते. ठेकेदार म्हणाला, इथे मांडण्या येणार, कोणाला दिसतंय. मी थापी धुतली आणि घरी गेलो. आयुष्यात तेवढं एकच काम मी तसं सोडलं. आता मांडण्या नव्हत्या. पोट होतं.

हे रंगाऱ्याला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

केंद्र चालवणाऱ्या बाई चाकांच्या खुर्चीत बसून पुढे आल्या. पूर्वी त्या बस डेपोत तक्रारीच्या खिडकीवर होत्या. त्यांना सगळे साहेब म्हणतात. दाराशी लहानसा उंबरा होता. खुर्ची अडेल म्हणून मी पटकन मागून धरली आणि ढकलली. साहेबांनी करकचून ब्रेक लावला. मी खुर्चीवरून पुढे वाकलो, माझी टोपी त्यांच्या मांडीवर पडली.

"मी मागितली होती का मदत?" साहेबांनी टोपी परत देत विचारलं.

"नाही."

"पाटी वाचा."

पाटीवर लिहिलं होतं, न विचारता मदत करू नये. खाली ब्रेलचे उठावदार ठिपकेही होते. एक तिशीची ठेंगणी बाई पुढे आली. तिच्या गळ्यात अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ होतं. केंद्रातला चहा तिच्याकडे आणि शिस्तही तिच्याकडे. तिच्या कपाळावरची आठी बघून मी मनातल्या मनात तिचं नाव मुकादम ठेवलं.

"दहा मिनिटं बाकावर," मुकादम म्हणाली. "काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"बोटंपण मोडायची नाहीत."

मी बसलो. मग कुबड्यांवरच्या निवृत्त पोस्टमनची पिशवी उचलली, पुन्हा बसलो. मग एकाचा डगमगता पेला धरला, तिसऱ्यांदा बसलो. चाळीस वर्षांत कामाच्या वेळेला मी इतका बसलो नव्हतो. उठलो तेव्हा पाठ अवघडली होती, सिमेंटची पोती उचलून अवघडायची तशी.

रंगारी तोवर कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. समोर संगीत खुर्ची चालली होती. गाणं शिकवणारे मास्तर गात होते. त्यांना दिसत नाही, त्यामुळे ते पक्षपात करत नाहीत असं सगळ्यांचं मत. ज्यांना ऐकू येत नाही ते मुकादमकडे बघत, ती गाणं थांबलं की हात खाली टाकायची. एकेक जण बाद होत गेला आणि शेवटी साहेब जिंकल्या.

"साहेब, दर शुक्रवारी तुम्हीच कशा?" पोस्टमन चिडला. "तुम्ही खुर्ची घरून आणता!"

"तुम्हीपण आणा," साहेब म्हणाल्या. "मी कुठे अडवलंय?"

रंगाऱ्याला हसू आलं होतं, ते त्याने खोकल्यात घातलं. मग मला म्हणाला, "बास झालं. घरी चल. आधी संडासाकडे ने."

मी उठायच्या आत मास्तर म्हणाले, "भिंतीला हात लावून सरळ चला. आम्ही तसंच जातो."

रंगारी भिंतीला तळवा लावून निघाला. मी दोन पावलं मागे. दहा पावलं गेला, वीस गेला. मग थांबला. दुसरा तळवा लावला. खाली वाकला, वर ताणला, गाल टेकवला.

"गवंडी," तो म्हणाला. "या भिंतीला सहावा महिना लागलाय."

"असेल," मी म्हणालो.

"कोणी केलाय हा गिलावा? झोपेत केलाय का? असल्या माणसाला थापी नाही, भातुकली द्यावी!"

त्याचा आवाज चढला. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. सगळे गोळा झाले. आणि भलतंच झालं. मास्तर रागावले.

"पोटाला नावं ठेवू नका," ते म्हणाले. "पोट लागलं की आम्हाला कळतं, संडास आले. पोट संपलं की पुरुषांचं दार, त्याच्यापुढे बायकांचं. ज्या गवंड्याने हे केलं तो फार विचारी माणूस असला पाहिजे."

"आम्ही सगळे त्याला दुवा देतो," साहेब म्हणाल्या.

खरं सांगतो, मला एक क्षण फार बरं वाटलं. छाती पुढे आलीसुद्धा. तेवढ्यात रंगारी म्हणाला, "विचारी माणूस इथेच उभा आहे. चाळीस वर्षं याच्या गिलाव्यावरून हात फिरवलाय मी. थापी डावीकडे ओढून सोडतो, ती सवय मेल्यावरही जायची नाही. बोल की, विचारी!"

मी सगळं सांगितलं. ठेकेदार, संध्याकाळ, मांडण्या. मास्तरांचं तोंड उतरलं. मुकादमने घड्याळाला हात घातला, पण या गुन्ह्याला बाक आहे की नाही हे तिला ठरवता येईना.

"हे पोट आजच्या आज काढा," रंगारी म्हणाला. "दाराजवळ मी पुट्टीच्या नीट उभ्या पट्ट्या करून देतो. पुरुषांना एक, बायकांना दोन. हाताला कळतील."

"मला सात वर्षं पोटाची सवय आहे," मास्तर म्हणाले. "पट्ट्या मोजायच्या राहिल्या तर मी कुठे शिरेन याचा भरवसा नाही."

"मत घ्या," पोस्टमन म्हणाला.

तिथे मत द्यायची एक रीत आहे. हात वर करायचा आणि हातातला चमचा पेल्यावर वाजवायचा. ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसतं, ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येतं. साहेब धरून नऊ जण होते. नऊ चमचे पोटाच्या बाजूने वाजले. रंगाऱ्याने हवेत मूठ नाचवली.

"माझं मत?"

"पाहुण्यांना मत नसतं," मुकादम म्हणाली. "मत पाहिजे तर वहीत नाव लिहायचं. सोमवारपासून यायचं. रोज. साडेनऊला."

"लिही!" रंगारी गरजला. "आत्ताच्या आत्ता लिही!"

घरी पोचेपर्यंत तो माझ्या गिलाव्याबद्दल बोलत होता. संडासला जायचं राहूनच गेलं होतं, ते त्याला दारात आठवलं.

सोमवारी तो साडेआठलाच केंद्राच्या दारात उभा होता. ताई मशीनवर गेली.

पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं, कारण मोडकी बाकं दुरुस्त करायला मीही जायला लागलो. रंगाऱ्याने एका फळीवर पट्ट्यांचे नमुने केले. एकेकाला गाठून त्याचा तळवा त्यावर ठेवायचा. "ही पुरुषांची. ही बायकांची. आता सांगा, तुमच्या पोटावरून एवढं कळतं का?" चहा पिताना तेच, जाता येता तेच. पट्टी खडबडीत लागली कोणाला, की पुन्हा घासायचा. इतकी मेहनत त्याने डोळे असताना केली नव्हती. दर शुक्रवारी मत. पहिल्या शुक्रवारी त्याच्या बाजूने एकटाच त्याचा चमचा. दुसऱ्या शुक्रवारी तीन. पोस्टमन फुटला होता.

मलाही ते पोट बघवत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी छिन्नी आणि हातोडी पिशवीत घालून निघालो. दोन तासांचं काम. सगळे संगीत खुर्चीत असताना उरकलं असतं. वाटेत ताईकडे डबा घ्यायला थांबलो. तिने पिशवी उचलली, वजनावरून ओळखली.

"हे कशाला?"

मी सांगितलं.

"पोट निघालं की तो दुसऱ्या दिवशी कुठे असेल?" तिने विचारलं.

"पट्ट्या करेल."

"पट्ट्यांना किती दिवस?"

"दोन."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

ताईच्या बोटाला दोऱ्याचा निळा रंग लागला होता, कपड्यांवर धाग्यांची तुसं होती. तिने छिन्नी आणि हातोडी काढून पिठाच्या डब्यामागे ठेवली.

"अजून थोडे दिवस त्याला हरू दे," ती म्हणाली. "तिथे ओळखी रुजू देत. मग फोड काय फोडायचं ते."

त्या शुक्रवारी मुकादमने माझंही नाव वहीत लिहिलं होतं, बाकं दुरुस्त केल्याबद्दल. मत सुरू झालं. भिंत सरळ करा म्हणणारे पाच. पोट राहू द्या म्हणणारे पाच. मुकादम माझ्याकडे बघत होती. रंगारी माझ्याशेजारीच होता, खुशीत. स्वतःची लाज धुवून काढायची संधी गवंडी सोडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"पोट राहू द्या, कोण?" मुकादमने पुन्हा विचारलं.

मी हात वर केला. जन्मात पहिल्यांदा वाईट कामाच्या बाजूने. चमचा वाजवला. नेमका मोठ्याने वाजला.

"हा चमचा कोणाचा?" रंगाऱ्याने विचारलं.

"माझा."

तो उठून उभा राहिला. काय काय बोलला ते लिहीत नाही, साहेबांनीही तक्रारीच्या खिडकीवर इतकं ऐकलं नसेल. मुकादमने त्याला दहा मिनिटं बाकावर बसवलं. बसल्या जागेवरून तो मास्तरांना म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी बघतो. मास्तर, सोमवारी लवकर या, तुमच्यासाठी वेगळी पट्टी करतो, गोल." मास्तर म्हणाले, "येतो की. चहा माझ्याकडून."

मी बाहेर येऊन ताईला फोन लावला. मागे मशीनचा आवाज चालू होता.

"हरला का?"

"एका मताने."

"बरं झालं," ती म्हणाली. "ठेव आता, बाह्या राहिल्यात."